व्हेंटिलेटरवर होतो पण सगळं ऐकू येत होतं... आयसीयूत राहून आलेल्यांनी लिहा

नांदेडफाटा

नमस्कार मंडळी. बरेच महिने मनात होतं, आज बसलोय. बोटं अजून पूर्ण सुधारली नाहीत त्यामुळे फोनला बोलून टाईप करतोय, चुका सांभाळून घ्या.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसची (गुलेन बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) साथ आली होती ते पेपरात वाचलं असेल. सिंहगड रोडचा पट्टा, तिथलं नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला. सगळे मिळून दोनशेच्या वर लोक आजारी पडले, त्यातला मी एक. आधी दोन दिवस जुलाब, ते थांबले, आठवडाभराने पायाला मुंग्या. मग चप्पल पायातून निसटायला लागली आणि मला कळायचंही नाही. दुसऱ्या दिवशी पेस्टची ट्यूब दाबता येईना. संध्याकाळी चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळाला तेव्हा बायको म्हणाली आत्ता निघायचं.

दवाखान्यात डॉक्टर दर दोन तासांनी यायचे आणि म्हणायचे एका श्वासात आकडे म्हणा. पहिल्यांदा ३१ पर्यंत गेलो. रात्री १८. पहाटे ९ आणि मग म्हणाले आता नळी घालावी लागेल, घाबरू नका. मी बँकेत आहे, आयुष्यभर आकडेच मोजलेत, पण ९ च्या पुढे १० म्हणायला हवा उरली नाही ते अजून स्वप्नात येतं.

तर पुढचे २६ दिवस व्हेंटिलेटर. बाराव्या दिवशी गळ्याला भोक पाडलं, ट्रॅकी म्हणतात ती. जीबीएसमध्ये नसा जातात, डोकं शाबूत असतं. सुरुवातीचे काही दिवस गुंगीचं औषध होतं, नंतर बंद केलं. म्हणजे मी पूर्ण जागा, हात नाही पाय नाही चेहरा नाही आवाज नाही. पापण्यासुद्धा नीट मिटत नव्हत्या म्हणून डोळ्यात मलम घालून वरून पट्टी लावायचे, तेव्हा तर फक्त कान. कानानेच मी दिवस काढले. ट्रॉलीचं एक चाक करकरायचं म्हणजे औषधांची वेळ. झाडूवाल्या मावशींच्या बांगड्या म्हणजे सकाळ. सक्शनचं मशीन सुरू झालं की आवाजावरून ओळखायचो, माझ्या बेडचं की शेजारचं. माझं असलं की छातीत गोळा यायचा कारण नळीतून कफ ओढताना तेवढा वेळ श्वासच बंद झाल्यासारखं वाटतं.

आणि माणसं बोलायची. बेडवर माणूस आहे हे विसरून बोलायची. "सात नंबर अजून किती दिवस?" सात नंबर मी. मेव्हणा पायाशी उभा राहून हिशोब करत होता, माझं वजन ७० किलो, या आजारावरच्या इंजेक्शनचा डोस किलोला २ ग्रॅम, म्हणजे १४० ग्रॅम, पाच ग्रॅमची बाटली म्हणजे २८ बाटल्या, आम्हाला एक १८ हजारांना पडली. पाच लाख चार हजार. त्याच्या आधी माझ्या डोक्यात गुणाकार झाला होता. त्यात मेव्हण्याची चूक नाही, त्याने जीव तोडून पैसे उभे केले, पण मला तिथे पडल्या पडल्या वाटायचं की आपण इतके महाग झालो आणि थांबवा म्हणायलाही तोंड नाही.

मग माझ्या मुलीने, नववीत आहे, एक काम केलं. डोळे वर नेले की हो, खाली नेले की नाही, हे सिस्टरनी शोधलं होतंच. पोरगी भेटायच्या वेळेत वर्णमालेचा तक्ता घेऊन आली. क ची ओळ? च ची? ट ची? ओळ मिळाली की त्यातलं अक्षर, मग काना, वेलांटी, मात्रा. पहिल्याच दिवशी मी घ ला हो म्हटलं, मग ओकार, मग ट. "घोट! बाबांना पाण्याचा घोट हवाय" आणि सगळे रडायला लागले कारण पाणी तर देता येत नव्हतं. मला घोटा म्हणायचं होतं. डावा घोटा बेडच्या दांडीवर दाबला जात होता सकाळपासून आणि ट ला काना आहे का हे कोणी विचारलंच नाही. भेटायची वेळ संपली. रात्री सिस्टरनी कूस बदलली तेव्हा सुटलो.

आता काठीने चालतो. घरी सगळे म्हणतात झालं गेलं, वाचलास ना. वाचलो. पण त्या २६ दिवसांत मी होतो ना तिथे. मला कोणी विचारत नाही की काय होतं आत. जे राहून आलेत त्यांनी लिहाल का?

राजगिरा

दादा तुमचं वाचलं आणि अर्धा तास काही सुचलं नाही. मी ठाण्याची. एप्रिल २०२१, कोविड, आयसीयूत १९ दिवस, त्यातले ११ नळीवर. माझं तुमच्या उलट. तुम्हाला सगळं खरं ऐकू येत होतं आणि मला जे आठवतं ते सगळं खोटं आहे, पण खोटं आहे हे मला नंतर सांगितलं म्हणून माहीत, आठवण मात्र खऱ्यासारखीच आहे. आज सकाळी काय खाल्लं ते जितकं आठवतं त्याहून स्पष्ट.

मी एका बोटीच्या तळात होते. पांढऱ्या कपड्यातली तोंड नसलेली माणसं (पीपीई किट असणार) रात्री फिरायची आणि एकेकीला उचलून न्यायची. माझे हात बांधलेले होते, ते खरंच बांधले होते म्हणे, मी नळी ओढत होते म्हणून. छतातून पाणी टपकायचं, ते सलाईन असेल. आणि मला पक्कं माहीत होतं की माझ्या नवऱ्याने मला विकलंय. त्याचा आवाजही ऐकला होता मी, भाव ठरवताना.

हे चार वर्षांत मी कोणालाही सांगितलेलं नाही. त्यालाही नाही. तो बिचारा रेमडेसिवीरसाठी रात्र रात्र रांगेत उभा होता आणि मी घरी आल्यावर दोन महिने त्याच्या हातचं पाणी प्यायला घाबरत होते. त्याला वाटलं अशक्तपणा. हे सांगायचं कसं माणसाला?

निवडुंग

मी भूलतज्ज्ञ आहे, गेली १४ वर्षं आयसीयूतच काम करतो, सोलापूरला. राजगिरा ताई, तुम्हाला जे झालं त्याला डेलिरियम म्हणतात आणि व्हेंटिलेटरवरच्या निम्म्याहून जास्त पेशंटना ते होतं. वेड नाही, मनाचा कमकुवतपणा तर मुळीच नाही. मेंदूला ताप, कमी ऑक्सिजन, जंतुसंसर्ग, झोपेचा सत्यानाश आणि आमची औषधं असा चहूबाजूंनी मार बसतो. मिडाझोलामसारखी गुंगीची औषधं तर त्यात भर घालतात, म्हणून आता जमेल तिथे ती कमी वापरतो आणि रोज सकाळी थोडा वेळ गुंगी उतरवून बघतो. कोविडच्या लाटेत ते शक्य नव्हतं, जे औषध मिळेल ते वापरलं, हे मी मान्य करतो.

मेंदू रिकामी जागा सोडत नाही. बांधलेले हात, तोंड नसलेली माणसं, टपकणारं पाणी, हे तुकडे खरे, त्यांची गोष्ट मेंदूने रचली. विकलं जाणं, पळवून नेणं, विष घालणं, या गोष्टी मी इतक्या पेशंटकडून ऐकल्यात की आता राऊंडला स्वतःहून विचारतो, "विचित्र काही दिसतंय का? दिसलं तर सांगा, बऱ्याच जणांना दिसतं." एवढं म्हटलं की आजोबा रडायला लागतात. नवऱ्यावरचाच संशय का, तर सगळ्यात जवळच्या माणसाचा आवाज मेंदू शोधत असतो आणि तोच त्या गोष्टीत जाऊन बसतो.

अजून एक. आरडाओरडा करणाऱ्याकडे लक्ष जातं. पण डेलिरियमचा शांत प्रकार जास्त असतो, पेशंट गप्प पडून छताकडे बघतो, नातेवाईक म्हणतात आता शांत झालाय. तो शांत नसतो. त्यासाठी साधी तपासणी असते. आम्ही दहा अक्षरं एकेक करून म्हणतो आणि सांगतो ए ऐकलं की माझा हात दाबा. लक्ष टिकत नसेल तर लगेच कळतं, दोन मिनिटांचं काम आहे. चष्मा आणि कानाचं मशीन घरी नेऊ नका, हरवेल म्हणून लोक नेतात. घड्याळ दिसू दे. आणि भेटायला गेल्यावर ओळखलंस का अशी परीक्षा घेऊ नका, आपणच सांगा, मी अमुक, आज मंगळवार, संध्याकाळचे पाच वाजलेत, तू दवाखान्यात आहेस.

नांदेडफाटा, "सात नंबर"बद्दल मला वाईट वाटलं. आम्ही सगळेच म्हणतो असं. मी सुद्धा.

कृष्णाकाठ

मी स्टाफ नर्स, सांगली. वाचून बोलल्याशिवाय राहवत नाही. रात्रपाळीला माझ्याकडे कधी तीन कधी चार पेशंट असतात, त्यातले दोन व्हेंटिलेटरवर. दोन तासाला कूस, तासाला लघवीचं माप, सक्शन, इन्फ्युजन पंप वाजला की तिकडे, आणि सगळं लिहायचं. त्यात हात बांधायचा निर्णय आम्हाला आवडतो असं नाही हो. एकदा पेशंटने नळी ओढून काढली की परत घालेपर्यंत काय होईल सांगता येत नाही. पण बांधताना मी सांगते, काका हात बांधतेय, नळी ओढू नये म्हणून, सकाळी सोडते. ऐकू येत असेल नसेल, सांगते. आमच्या ट्युटर मॅडमनी पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, की हात लावण्याआधी तोंड उघडायचं. ते मनात बसलंय. सगळ्याच जणी करतात असं मी म्हणणार नाही.

दादा तुमच्या घोट्याचं वाचून मला माझे किती पेशंट आठवले, मॉनिटरवर पल्स वाढलेली असते, कारण सापडत नाही, आणि मग चादरीची घडी पाठीखाली निघते.

आजोळ

विषयाला सोडून असेल तर माफ करा. माझे वडील गेल्या वर्षी आयसीयूत गेले. नऊ दिवस होते. शेवटचे तीन दिवस डॉक्टर म्हणाले शुद्ध नाही. मी रोज ११ ला आणि ५ ला दहा दहा मिनिटं आत जायचो. बाकी वेळ जिन्यात चटई टाकून. आत गेल्यावर मला काय बोलायचं ते सुचायचंच नाही, नुसता हात धरून मॉनिटरकडे बघत बसायचो, आकडे वाचत. शेवटच्या दिवशी फक्त म्हणालो, अण्णा, गाईला वासरू झालं, खोंड आहे. एवढंच.

नांदेडफाटा, तुम्हाला सगळं ऐकू येत होतं म्हणता. त्यांना आलं असेल का?

नांदेडफाटा

आजोळ, दोन दिवस उत्तर लिहितोय आणि पुसतोय. तुमच्या अण्णांना आलं का हे मी सांगू शकत नाही, माझा मेंदू जागा होता, त्यांचं तसं नव्हतं, खोटं सांगितलं तर ते तुमच्याही लक्षात येईल. माझ्यापुरतं सांगतो. मला लोकांनी धीराचं जे बोललं ना, लवकर बरा हो, लढ, हिंमत सोडू नको, त्यातलं एकही वाक्य आठवत नाही. आठवतं काय, तर भाऊ सांगत होता की पार्किंगमधल्या माझ्या स्कूटरची बॅटरी उतरली आणि त्याने धक्का मारून चालू केली. शेजारचे जोशीकाका येऊन सोसायटीच्या टाकीवरून झालेलं भांडण सांगून गेले. त्या दहा मिनिटांत मी बेडवर नव्हतो, सोसायटीच्या गेटपाशी उभा होतो. खोंड झाला ही बातमी मला कोणी सांगितली असती तर मी ती दिवसभर पुरवून पुरवून मनात घोळवली असती.

उत्तरवारा

मी डेन्मार्कला असते, मूळची रत्नागिरीची. माझ्या सासूबाईंना (डॅनिश आहेत) इथे सेप्सिस (अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग) झाला होता, दोन आठवडे झोपवून ठेवलं होतं. बाहेर आल्यावर त्यांच्या हातात एक वही दिली. सिस्टर लोक रोज त्यात चार ओळी लिहायचे, आज बाहेर बर्फ पडतोय, आज तुमचा ताप उतरला, आज तुमच्या मुलाने तुमच्या पायांना क्रीम लावलं, आज तुम्ही खूप अस्वस्थ होतात, खिडकीकडे बोट दाखवत होतात. आम्हीही लिहायचो. या भागातल्या देशांत हे ऐंशीच्या दशकापासून चालत आलंय. सासूबाईंना वाटत होतं की त्यांना कोणीतरी आगीत ढकलत होतं. वहीत त्या तारखेला १०४ च्या आसपास ताप आणि दिवसभर थंड पाण्याच्या पट्ट्या. त्यांनी ते पान किती वेळा वाचलं असेल.

आणि इथे राहून कळलं की आयसीयू ही कल्पनाच मुळात इथली. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली, श्वास बंद पडणारी मुलं रोज येत होती आणि मशीनं जेमतेम हाताच्या बोटावर मोजण्याइतकी. ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने गळ्याला भोक पाडून नळी घालून हाताने फुगा दाबून हवा द्यायचं ठरवलं, आणि ते दाबायला मेडिकलची मुलं बसवली, साधारण दीड हजार विद्यार्थी, पाळ्यापाळ्यांनी, महिनोन् महिने. ती मुलं एका हाताने फुगा दाबत पेशंटला गोष्टी वाचून दाखवायची, पोरांशी खेळायची. नांदेडफाटा यांचं वाचताना मला तेच डोळ्यासमोर येत होतं, तुमच्यासारखीच ती जागी होती, हलू शकत नव्हती, फक्त उशाशी मशीन नव्हतं, माणूस होता.

निवडुंग

उत्तरवारा, इब्सेनचं आम्हाला शिकवतात पण गोष्टी वाचून दाखवायचे ते मात्र शिकवत नाहीत. वहीबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर अभ्यास दोन्हीकडचे आहेत. २०१० साली युरोपातल्या सहा देशांत मिळून झालेल्या अभ्यासात वही मिळालेल्यांना नंतरचा मानसिक धक्का कमी दिसला, पाच टक्के विरुद्ध तेरा. २०१९ साली फ्रान्समध्ये मोठा अभ्यास झाला त्यात फरक दिसला नाही. पण ज्यात पाच रुपयांची वही आणि रोजची पाच मिनिटं लागतात आणि नुकसान जवळपास काही नाही, त्यासाठी मी तरी थांबणार नाही. आमच्याकडे सिस्टरांना वेळ नाही, तर जिन्यात बसलेल्या नातेवाईकांनी लिहावं. नाहीतरी १० मिनिटं आत आणि २३ तास बाहेर अशी त्यांची अवस्था असते.

ताम्हण

फिजिओथेरपिस्ट आहे. घरच्यांसाठी एक मुद्दा, कारण याचा त्रास पेशंटला घरी आल्यावर होतो. २०१३ मध्ये लंडनमधल्या ६३ पेशंटच्या मांडीची सोनोग्राफी करून मोजलं होतं, दहा दिवसांत स्नायू जवळजवळ १८ टक्क्यांनी बारीक झाले. दहा दिवसांत! म्हणून आम्ही नळी असतानाच पेशंटला बेडच्या काठावर पाय सोडून बसवतो आणि घरचे आम्हाला ओरडतात की बिचाऱ्याला का छळता. घरी आल्यावर माणूस संडासातून उठू शकत नाही, केस गळतात, नाव आठवत नाही, लिफ्टच्या टिंग आवाजाला दचकतो, चिडतो. याला २०१० नंतर नाव मिळालंय, पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम. हा आळस नाही की नाटक नाही. माझे एक पेशंट, शेतकरी माणूस, भाकरीचा तुकडा मोडता येईना म्हणून पानावरून उठून गेले. सुनेला वाटलं भाजी आवडली नाही.

नांदेडफाटा

ताम्हण, लिफ्टचं टिंग! मायक्रोवेव्हचं पण. आमच्याकडे मायक्रोवेव्ह बंद करून ठेवलाय. मला वाटलं फक्त मलाच होतं.

राजगिरा

सांगितलं.

काल रात्री जेवणं झाल्यावर हा धागाच वाचायला दिला त्याला. माझं नाव कुठलं ते नाही सांगितलं, त्याने ओळखलं. बोटीचं वाचलं, पुढचं वाचलं, बराच वेळ फोन हातात धरून बसला. मग म्हणाला, तुझा भाव करत नव्हतो गं, पण बोललो होतो. दवाखान्यातल्या एका सिस्टरनी तिच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून माझ्या कानाशी धरला होता, तेव्हा तो इंजेक्शनवाल्याशी दुसऱ्या फोनवर बोलत होता, कितीला देतोस, एवढे नाहीत, थोडे कमी कर. कॉल चालू होता हे त्याला उशिरा कळलं.

म्हणजे आवाज खरा होता. भावही खरा होता. डॉक्टर, तुम्ही म्हणालात ना तुकडे खरे असतात.

तो रडला, मी नाही रडले, मला एकदम हलकं वाटलं आणि झोप लागली. सकाळी त्याने चहा आणून दिला, मी प्यायले. रोजच पिते, पण आज कप घेताना हात थांबला नाही.

पाणंद

धागा वर काढतोय. नांदेडफाटा, तातडीची विनंती आहे. माझा भाऊ गेले नऊ दिवस आयसीयूत आहे, परवा ट्रॅकी केली, शुद्धीत आहे पण बोलता येत नाही, हातात जोर नाही, ओठ हलवतो ते आम्हाला कळत नाही मग तो चिडून डोळे मिटतो. तो तक्ता कसा केला होता ते सांगाल का? आज ५ ला भेटायची वेळ आहे.

नांदेडफाटा

पाणंद, लगेच सांगतो. जाड पुठ्ठा घ्या, जाड मार्करने लिहा, अक्षरं बोटभर मोठी. सगळ्यात वर नेहमी लागणारे शब्द आख्खे लिहा म्हणजे अक्षरं जुळवावी लागणार नाहीत: दुखतंय, कूस, कफ, तहान, गरम, थंडी, भीती, किती वाजले, घरी कोण. "भीती" नक्की लिहा, मला ते विचारायला कोणाला सुचलं नव्हतं. त्याखाली स्वरांची एक ओळ, मग क च ट त प य अशा ओळी, एकाखाली एक, उरलेली अक्षरं शेवटच्या ओळीत. आधी हो आणि नाही कशाने ते पक्कं करा, डोळे वर खाली, पापणी, जे त्याला जमेल ते, आणि सिस्टरांनाही दाखवा, बेडच्या डोक्याशी कागदावर लिहून चिकटवा. तुम्ही ओळीवर बोट ठेवा, मोठ्याने म्हणा, थांबा, त्याला वेळ द्या, माझं उत्तर यायला पाच सहा सेकंद लागायचे. एकाने विचारा, दुसऱ्याने लिहून घ्या. दमला की थांबा, पण पुठ्ठा त्याला दिसेल असा ठेवून या.

मधेच शब्द ओळखू आला तरी स्वतः पूर्ण करू नका. प्रत्येक अक्षराला काना आहे का, मात्रा आहे का, विचारा, आणि शेवटी "संपला का शब्द?" हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.